ती नावं कुणाची, सोनू?

चि. सोनू,


भाऊबीजेला दादा मोठ्या कौतुकानं सांगत होता, "सोनूचं ॲप पाच मिनिटांत कर्ज देतं. फोनमधली नावं बघून माणूस कसा आहे ते मशीनच ठरवतं." माझ्या घशाखाली घास उतरेना. खरंच तुम्ही लोकांच्या फोनमधली नावं उचलता का रे?

माईच्या जावयाचं काय झालं ते तू पाहिलंयस. अशाच एका ॲपच्या कर्जाचा हप्ता चुकला तेव्हा वसुलीवाल्यांनी त्याच्या पोरीच्या वर्गशिक्षिकेला फोन केला, गॅसवाल्याला केला, मलाही केला. काय काय बोलले ते लिहवत नाही. त्या बाईंनी कर्ज घेतलं नव्हतं, मीही नव्हतं. मग आमचे नंबर घेण्याचा हक्क त्यांना कुणी दिला?

तू म्हणशील, ग्राहकच परवानगी देतो. पोराला दवाखान्यात ठेवून पैशासाठी वणवण करणारा माणूस काय वाचून 'हो' म्हणतो? डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा सांगतो की संमती मोकळेपणानं, समजून दिलेली हवी. त्याच्याही आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या ॲपना फोनमधली नावं, फोटो, कॉलच्या नोंदी यांना हात लावायला मनाई केली. हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असणार, म्हणून तर जास्त राग आला.

मी पतसंस्थेत नवी होते तेव्हा थकबाकीदारांची नावं बाहेरच्या फळ्यावर लागायची. अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. एकदा एका बाईनं नवऱ्याचं नाव पदरानं पुसलं आणि मान खाली घालून निघून गेली. साहेबांनी ते पुन्हा लिहायला लावलं. तेव्हा त्यांना 'नाही' म्हणायला हवं होतं, असं आजही वाटतं. तो फळा निदान गावापुरता होता.

आणि मशीन ठरवतं म्हणून तू मोकळा होत नाहीस. नोकरीचे अर्ज निवडायला ॲमेझॉननं केलेलं मशीन बायकांचे अर्ज मागे टाकायला लागलं, कारण ज्या दहा वर्षांच्या अर्जांवरून ते शिकलं ते बहुतेक पुरुषांचे होते. शेवटी ते गुंडाळावं लागलं. तुमचं कुणाकडे बघून शिकलं? धुणीभांडी करणारीला कर्ज नाकारलं, तर का नाकारलं ते तिला सांगायला कुणी माणूस बसतो का तिथे?

रागावले खरी. तू वाईट वागशील असं माझ्या मनातही येत नाही. लहानपणी भांडण झालं की समोरच्याची बाजूही तूच मांडायचास. फ्लॅटचे हप्ते आहेत, वरचे साहेब आहेत, सगळं कळतं मला. नोकरी सोड असं म्हणत नाही. फक्त ती नावं उचलता का, एवढं मीटिंगमध्ये एकदा सगळ्यांसमोर विचार. विचारल्यावर कुणी टाकून बोललं तर मनात कुढत बसू नकोस, मला फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी मी उचलेन.

खोकला गेला का? रात्री अकराला येऊन गार जेवतोस, असं वहिनी म्हणाली. भात तरी गरम करून घेत जा रे. शनिवारी जमलं तर ये, न कळवता आलास तरी चालेल.

तुझी,
आत्या