नवी गिटार घेण्याआधी

होस्टेलवर कुणाची गिटार आली की महिन्याभरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'हिचा सूरच लागत नाही, नवी घ्यायला पाहिजे.' मी तर मेसचे पैसे त्यात घालायला निघालो होतो. पण आधी दहा मिनिटांची एक तपासणी करा.

मोकळी तार ट्यूनरवर नीट लावून घ्या. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर हलकेच दाबून वाजवा. तिथे तारेची लांबी निम्मी होते, म्हणून कंपनसंख्या दुप्पट व्हायला हवी. पाचवी तार ११० हर्ट्झची, तर इथे २२० हवेत. स्वर चढा लागला तर बहुधा तारा जुन्या झालेल्या असतात, नाहीतर फ्रेटपासून फार उंच असतात. उंच तार दाबताना जास्त ताणली जाते आणि ताण वाढला की स्वर चढतो.

आधी तारा बदला आणि पुन्हा मोजा. तरीही फरक राहिला तर ब्रिजवरची पांढरी पट्टी जाणकाराकडून खालून थोडी घासून घ्या. स्वतः घाई करू नका, घासलेलं परत येत नाही!

शेजारच्या मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर जवारी लावतात ती अशीच. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या वाद्यांचा सूर अखेर कानच ठरवतो.

माझी गिटार जुनीच आहे. मेसचे पैसे वाचले. आता चुकलो तर गिटारला नावं ठेवायची सोय मात्र उरली नाही.