मुक्या सोबत्यांचें औषध



घरचें कुत्रें खोकूं लागलें कीं सर्वांचा जीव कासावीस होतो. मुकें जनावर आपलें दुखणें सांगत नाहीं. अशा वेळीं कपाटांत उरलेल्या प्रतिजैविक गोळ्यांकडे सहज हात जातो. हेतु दयेचाच असतो; परंतु ती दया बहुधा अनाठायीं ठरते. तें कां, हें पाहूं.

इ. स. १९२८ मध्यें लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानांत त्यांनींच इशारा दिला कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास दाद देईनासे होतात. असंख्य जंतूंत कांहीं थोडे मुळांतच चिवट असतात. औषधानें दुबळे मरतात, चिवट उरतात व त्यांचीच संतति वाढते. इतकेंच नव्हे, तर हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जंतूंसही देऊं शकतात.

म्हणून सुज्ञ पशुवैद्य प्रथम विचारतो: हा रोग जिवाणूंचा आहे काय? विषाणूंवर प्रतिजैविकांची मात्रा चालत नाहीं. मांजराचें शिंकणें बहुधा विषाणूंमुळें सुरू होतें. कुत्र्याचा साधा सांसर्गिक खोकला पुष्कळदां आपोआप बरा होतो. वाहत्या कानांत अनेकदां यीस्ट ही बुरशी सांपडते. ती सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिल्यावांचून औषध ठरवितां येत नाहीं. तरुण मांजर वारंवार लघवीस बसतें, तेव्हां मूत्रांत जिवाणु क्वचितच असतात. मात्र बोक्याची लघवी अडली, तर क्षणाचाही विलंब न लावतां पशुवैद्याकडे न्यावें. त्यांत प्राणाचा धोका असतो.

जेथें प्रतिजैविक खरोखर हवें, तेथें तें अवश्य द्यावें. जखमेंतील पू किंवा मूत्र तपासून कोणतें औषध लागू पडेल, हें प्रयोगशाळेंत कळतें. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. औषध लांबविण्यांतही शहाणपण नाहीं: कुत्र्याच्या साध्या मूत्राशयदाहास पूर्वी एक ते दोन आठवडे औषध देत, २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ३ ते ५ दिवस बहुधा पुरेसे मानले आहेत. तथापि किती दिवस द्यावें, हें वैद्यानेंच ठरवावें.

यांत आपलाही स्वार्थ आहे. अमॉक्सिसिलिनसारखीं औषधें माणसांस व कुत्र्यामांजरांस सारखींच दिलीं जातात, आणि जे मूल कुत्र्यास कुशींत घेऊन निजतें, त्याच्याशीं त्याच्या जंतूंचीही देवघेव होते. आज कुत्र्यास व्यर्थ दिलेली गोळी उद्यां त्याच मुलाच्या आजारांत निरुपयोगी ठरूं शकेल.

तेव्हां पालकांनीं व मुलांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: उरलेली गोळी जनावरास देऊं नये, वैद्यानें सांगितलेली मात्रा चुकवूं नये, औषध मनानें बंद करूं नये किंवा वाढवूं नये, आणि “औषधाची गरज नाहीं,” असें वैद्यानें म्हटल्यास रागावूं नये. तोही उपचारच होय.