मनाचा नांगर कोठें टाकावा?

(वाचन : मत्तय ४:१-११, इब्री ६:१९)



नवापूरच्या किनाऱ्यावर होडी उभी करतांना कोणीही कोळी नांगर होडींतच ठेवून स्वस्थ बसत नाहीं. होडी कितीही मजबूत असो, नांगर तिच्या बाहेर, पाण्याखालच्या जमिनींत रुतावा लागतो. आमच्या आत्म्याचेंही तसेंच आहे.

कधीं कधीं मनांत एक वाणी उठते : “तूं अडाणी, तूं वारंवार पडणारा, तुझी प्रार्थना देव कशाला ऐकेल?” तेव्हां आम्ही आपलीं सत्कृत्यें मोजूं लागतों. पण हा नांगर होडींतच ठेवणें होय. सत्कृत्यें उणीं पडलीं कीं मन पुन्हां वाहवत जातें.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. स्त्रियांस पुरुषांप्रमाणें मोक्ष नाहीं, असें आपणांस शास्त्रवाचनांत आढळल्याचें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. विद्या होती, बाप्तिस्मा होता, सेवा होती; तरी मनास शांति नव्हती. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं त्यांस उमजलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, पण त्या धर्माचें जीवन जो ख्रिस्त, तो लाभला नाहीं. मग आपल्या पात्रतेवरची दृष्टि काढून त्या त्याच्यावर विसंबल्या. ही साक्ष त्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केली.

अरण्यांत सैतानानें प्रभूच्या पुत्रत्वाविषयींच शंका काढिली. प्रभूनें चमत्कार करून तें सिद्ध केलें नाहीं. तो पित्याच्या वचनावर उभा राहिला.

तर मग दोन वाण्यांतील भेद ओळखावा. पवित्र आत्मा नेमकें पाप दाखवितो आणि आम्हांस वधस्तंभाजवळ आणतो. लबाड सैतान पापाचें नांवही न घेतां “तूं गेलास” एवढेंच म्हणतो आणि देवापासून दूर लोटतो. पहिलीचें ऐकून पाप कबूल करावें. दुसरीशीं वाद घालीत बसूं नये. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचें पहिलें वचन मोठ्यानें वाचावें. वाचतां येत नसेल, तर शेजारच्या बंधूकडून वाचवून घ्यावें. एकट्यानें झुरूं नये.

विचारासाठीं प्रश्न :
१. गेल्या आठवड्यांत कोणत्या वाणीनें आम्हांस प्रार्थनेपासून दूर ठेविलें?
२. तेव्हां आमचा नांगर होडींत होता, कीं ख्रिस्ताच्या ठायीं?