रणगाड्याचं मॉडेल विकायचंय? आधी अँटेना बारीक करा

कृती तुम्ही व्हिडिओत पाहिलीच आहे. इथे मापाचं आणि पैशाचं बोलू.

१/३५ मापाच्या मॉडेलवर १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटर. एवढा जाड अँटेना लावलात तर रणगाड्यावर नळाचा पाइप उभा केल्यासारखं दिसतं. रंगकाम कितीही सुरेख असू द्या, जाणकार गिऱ्हाईक तिथेच बोट ठेवतं आणि भाव पाडतं.

आता गणित करा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांवर २ मीटरचा अँटेना सर्रास असायचा. भागिले ३५, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळता.

हा निमुळतेपणा फुकटात मिळतो. किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात, तो स्प्रू फेकू नका. त्याचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर धरून गोल फिरवत राहा. ज्योतीत घालायचा नाही, पेट घेतो. मऊ पडून लवायला लागला की बाजूला घ्या आणि मग ओढा. भरभर ओढलात तर केसासारखा होतो, सावकाश ओढलात तर जाडसर राहतो. गार होईपर्यंत ताणूनच धरा, नाहीतर वाकडा होतो. खिडकी उघडी ठेवा. पाच-सहा ओढून त्यातला एक निवडायचा, हे गृहीतच धरा.

पण ऑर्डर कुरिअरने जाणार असेल तर स्प्रू नको, तुटतो. तिथे गिटारची सगळ्यात बारीक स्टीलची तार घ्या. ९ नंबरची तार ०.२३ मिलिमीटर भरते, म्हणजे खऱ्या गाडीवर ८ मिलिमीटर. अगदी बरोबर! वाकली तरी परत सरळ होते. फक्त निमुळती नसते, तेवढी तडजोड करावी लागते. ही तार प्लास्टिक कापायच्या नाजूक कटरने कापू नका, धार जाईल. जुना पक्कड-कटर वापरा. टोक डोळ्यात जाऊ शकतं, म्हणून त्यावर गोंदाचा बारीक थेंब द्या.

आणि दर? तार काही पैशांची, पण भोक पाडणं, चिकटवणं, रंगवणं यात अर्धा तास सहज जातो. तो अर्धा तास कोटेशनमध्ये ‘अँटेना काम’ म्हणून वेगळा लिहा. गिऱ्हाइकाने विचारलं, तर जाड आणि बारीक अँटेनाचे दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाठवा.