फिट येणारी मैत्रीण आणि उंचावरची यात्रा



उन्हाळा आला की आपल्या सातारा-सांगलीतल्या गावागावांतून केदारनाथ-बद्रीनाथच्या गाड्या ठरतात. गटातल्या आठ-दहा जणी मिळून पैसे भरतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "तिला फिट येते, तिला न्यायचं का?" बऱ्याचदा उत्तर येतं, नको. कधी ती आजार लपवून येते, आणि ते तर जास्त धोक्याचं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

फिट म्हणजे काय?
मेंदूचं काम बारीक विजेच्या संदेशांवर चालतं. हे संदेश अचानक बिघडले की झटके येतात, किंवा माणूस थोडा वेळ नुसताच शून्यात बघत राहतो. असं वारंवार होणं म्हणजे अपस्मार. हा देवीचा कोप नाही, बाहेरची बाधा नाही आणि शिवल्याने होत नाही. नियमित गोळ्या घेतल्या तर दहांपैकी साधारण सात जणांच्या फिट थांबतात.

उंचीचा काय संबंध?
महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. एवढ्या उंचीवर हवेतल्या प्राणवायूची काळजी नसते. विरळ हवेचा त्रास साधारण ८,००० फुटांच्या वर सुरू होऊ शकतो. केदारनाथ तर सुमारे ११,७०० फुटांवर आहे.

तिथे झोप नीट लागत नाही, उलट्या होतात, जेवण-पाणी कमी पडतं, धावपळीत गोळी चुकते. फिट यायला झोपमोड आणि चुकलेली गोळी ही मोठी कारणं आहेत. यात्रेत नेमकं तेच घडतं.

निघण्यापूर्वी
- महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. अलीकडे फिट आली असेल तर यात्रा पुढे ढकललेली बरी.
- गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घ्या. निम्म्या तिच्या पिशवीत, निम्म्या सोबतिणीकडे. चिठ्ठीही जवळ ठेवा.
- उपवास आणि जागरण तिने करू नये. देव रागवत नाही.
- उंचीच्या त्रासाची गोळी दुसरीची बघून घेऊ नका. डॉक्टरांना विचारूनच घ्या.
- घोड्यावरून पडण्याची भीती असते, त्यापेक्षा डोली करा. नदीत उतरण्याऐवजी काठावर तांब्याने अंघोळ.
- वर चढल्यावर कुणीही बरळायला लागली, तोल जाऊ लागला, किंवा पहिल्यांदाच फिट आली तर लगेच खाली उतरवा आणि दवाखाना गाठा.

फिट आली तर
घड्याळ बघा. आजूबाजूचे दगड, भांडी बाजूला सारा. डोक्याखाली पदर किंवा शाल ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. झटके थांबले की कुशीवर वळवा आणि शुद्ध येईपर्यंत जवळ बसा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा लागोपाठ दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन करा.

घरीही हेच लक्षात ठेवा. विहिरीवर, कृष्णेच्या घाटावर तिला एकटीला पाठवू नका. चुलीपाशी कुणीतरी सोबत असावं. दिवस गेले म्हणून तिने गोळ्या मनाने बंद करू नयेत. काही गोळ्या बाळाला बाधतात, म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं.

लपवायचं कशाला?
पूर्वी हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाच्या आड येणारी बाब होती. १९९९ मध्ये दुरुस्ती करून ती काढून टाकली. कायद्याने सोडलं, आता आपण सोडायचं.

पुढच्या बैठकीत बोलूया
१. आपल्या गटात कुणी हा आजार लपवते आहे का? नाव न विचारता तिला धीर कसा देता येईल?
२. कुशीवर कसं वळवायचं, हे आशाताईंना बोलावून प्रत्येकीने एकदा करून बघायचं का?
३. यात्रेला तिची सोबतीण कोण होणार?