जुना लॅपटॉप निवडताना : दोन प्रोसेसरांचा तुलनात्मक अभ्यास

शाळेसाठी संगणक घेण्याचा प्रसंग खेड्यातील शिक्षकावर आता वारंवार येतो. नवे यंत्र घेण्याइतकी रक्कम बहुधा हाती नसते. गावकऱ्यांनी वर्गणी करून जमविलेल्या पैशांतून, अथवा अनुदानातील इतर गरजा भागवून उरलेल्या रकमेतून, तालुक्याच्या गावी जाऊन वापरलेला लॅपटॉप आणावा लागतो. दुकानात दोन यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असतात. एकावर ‘आय७’ अशी चिठ्ठी असते, दुसऱ्यावर ‘आय५’. विक्रेता म्हणतो, “गुरुजी, पाचापेक्षा सात मोठा, हे का तुम्हांला सांगायला हवे?” गणित शिकविणाऱ्या शिक्षकास या विधानावर चटकन उत्तर सुचत नाही. ते उत्तर कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे. त्यासाठी इंटेल कंपनीचे दोन प्रोसेसर उदाहरणादाखल घेतले आहेत : कोअर आय७-७५००यू आणि कोअर आय५-८२५०यू. पहिला २०१६ साली व दुसरा २०१७ साली बाजारात आला. वापरलेल्या लॅपटॉपांत हे दोन्ही आढळतात.

१. नावाचा अर्थ

प्रोसेसर म्हणजे संगणकात आकडेमोड करणारा व आज्ञा पार पाडणारा मुख्य भाग होय. त्याच्या नावातील ‘आय३’, ‘आय५’, ‘आय७’ या संज्ञा दर्जा दाखवितात. परंतु हा दर्जा एकाच पिढीपुरता असतो. पिढी कोणती, हे पुढील चार आकड्यांपैकी पहिल्यावरून कळते. ७५०० हा सातव्या पिढीचा, तर ८२५० हा आठव्या पिढीचा. शेवटचे ‘यू’ हे अक्षर कमी वीज घेणाऱ्या प्रकाराची खूण आहे.

इयत्तेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तिसरीतील पहिला क्रमांक आणि चौथीतील दुसरा क्रमांक यांची तुलना केवळ क्रमांकावरून करणे योग्य होईल काय? प्रथम इयत्ता पाहावी लागेल. त्याचप्रमाणे ‘आय७’ ही चिठ्ठी वाचण्यापूर्वी पिढी वाचली पाहिजे.

२. दोहोंची माहिती

आय७-७५००यू : कोअर २, थ्रेड ४, मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ, कमाल वेग ३.५ गिगाहर्ट्झ, कॅश ४ मेगाबाइट, वीज व उष्णतेची ठरविलेली मर्यादा १५ वॅट.

आय५-८२५०यू : कोअर ४, थ्रेड ८, मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ, कॅश ६ मेगाबाइट, वीज व उष्णतेची ठरविलेली मर्यादा १५ वॅट.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारा घटक. थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामाची मालिका. या दोन्ही प्रोसेसरांत एक कोअर दोन मालिका हाताळतो. कॅश ही प्रोसेसरच्या अगदी जवळची, लहान पण अतिशय जलद स्मृती होय.

वरवर पाहता १.६ पेक्षा २.७ मोठा आणि ‘आय५’ पेक्षा ‘आय७’ वरचा. दोन्ही आकडे पहिल्या प्रोसेसरच्या बाजूने बोलतात. तरीही एकंदर कामात दुसराच सरस ठरतो. हे कसे घडते ते पाहू.

३. वेग आणि काम यांतील भेद

समजा, एका खोलीत दोन शिक्षक उत्तरपत्रिका तपासीत आहेत. प्रत्येक जण तासाला २७ पत्रिका तपासतो. शेजारच्या खोलीत चार शिक्षक आहेत. प्रत्येकाचा वेग तासाला १६. पहिल्या खोलीत तासाभरात ५४ पत्रिका तपासून होतील, दुसऱ्या खोलीत ६४. प्रत्येकाचा वेग कमी असूनही एकूण काम अधिक झाले. या दोन प्रोसेसरांची अंतर्गत रचना जवळजवळ एकच आहे, म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यास एक कोअर जितके काम करतो ते दोहोंत सारखेच आहे. म्हणूनच असा गुणाकार येथे करता येतो. रचना अगदी भिन्न असलेल्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ मात्र असे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आता कमाल वेगाचा विचार करू. थोडा वेळ सर्व शक्ती लावल्यास एक कोअर अनुक्रमे ३.५ व ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. हा फरक नगण्य आहे. दीर्घकाळ सर्व कोअर कामाला लागले म्हणजे १५ वॅटच्या मर्यादेत राहण्यासाठी वेग खाली येतो. चार कोअरांचा वेग दोन कोअरांच्या वेगापेक्षा अधिक उतरतो, तथापि तो सहसा मूळ आकड्यावरच राहतो. सर्व कोअरांना काम देणाऱ्या चाचण्यांत आय५-८२५०यू हा साधारणपणे दीडपट काम करतो; लॅपटॉपची थंड राहण्याची व्यवस्था जशी असेल, तसे हे प्रमाण कमीअधिक होते.

तेवढ्याच विजेत अधिक काम कसे होते, असा प्रश्न जिज्ञासू शिक्षकाच्या मनात येईल. कोअरचा वेग वाढविण्यासाठी त्याला अधिक विद्युतदाब द्यावा लागतो, आणि वीजखर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दोघांना धावावयास लावण्यापेक्षा चौघांना बेताने चालविणे विजेच्या दृष्टीने काटकसरीचे ठरते.

परंतु याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. तपासावयाची पत्रिका एकच असेल, तर चार शिक्षक असून उपयोग काय? ती एकानेच तपासावयाची. एक पत्र टंकलिखित करणे, एखादा चित्रपाठ वर्गास दाखविणे, हजेरीचा लहान तक्ता भरणे, या कामांत दोन्ही यंत्रे जवळजवळ सारखीच वाटतील. अनेक कामे एकदम चालू असतात, तेव्हा भेद दिसू लागतो. यू-डायस प्लसची माहिती भरणे चालू आहे, मागे दीक्षावरील पाठ उघडा आहे, त्यातच प्रतिबंधक तपासणी सुरू झाली आहे. अशा वेळी चार कोअरांचे यंत्र अडखळत नाही.

४. किमतीचे गणित

पुढील किमती केवळ उदाहरणासाठी मानलेल्या आहेत. समजा, आय७-७५००यू असलेला लॅपटॉप १६,००० रुपयांस व आय५-८२५०यू असलेला १८,००० रुपयांस मिळतो. पहिल्याचे काम १०० एकक मानले, तर दुसऱ्याचे १५० होईल. दर एककास पहिला १६० रुपयांस पडला, दुसरा १२० रुपयांस. येथे दुसरा स्वस्त ठरला. पण शाळेचे काम केवळ चित्रपाठ दाखविण्यापुरतेच असेल, तर दोहोंचे काम १०० एककच धरावे लागेल. मग दर एककास पहिला १६० रुपयांस व दुसरा १८० रुपयांस पडेल. आता पहिला स्वस्त ठरला. यास्तव ‘कोणता चांगला?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘आमच्या कामास कोणता चांगला?’ असा प्रश्न विचारणे इष्ट होय.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जुन्या फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेले यंत्र, प्रोसेसर कितीही चांगला असला तरी, सुरू होण्यास व फाइल उघडण्यास विलंब लावते. एसएसडी बसविलेले व ८ गिगाबाइट रॅम असलेले यंत्र रोजच्या वापरात अधिक तत्पर वाटते. एसएसडी पुढे बदलता येते. पुष्कळ यंत्रांत रॅमही वाढविता येते. प्रोसेसर मात्र या दोन्ही प्रकारांत मदरबोर्डवर डाख देऊन पक्का केलेला असतो. तो बदलता येत नाही. म्हणून जे बदलता येत नाही ते आधी पारखून घ्यावे.

५. सुरक्षिततेचा प्रश्न

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत आय५-८२५०यू आहे, आय७-७५००यू नाही. अवघ्या एका वर्षाच्या अंतराने बाजारात आलेल्या या दोन वस्तूंमध्ये उपयोगाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा भेद होय.

शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक असतात. त्यावरूनच शालार्थची कामेही होतात. जी दप्तरे आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो, तीच येथे असतात. सुरक्षाविषयक सुधारणा न मिळणारे यंत्र इंटरनेटला जोडून त्यावर ही माहिती ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली कुलपातच ठेवून घरी जाणे होय. आय७-७५००यू यंत्र आधीच शाळेत असेल, तर ते टाकून देण्याचे कारण नाही. त्यावर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली विनामूल्य बसविता येते, तिला सुधारणाही मिळत राहतात आणि मराठी टंकलेखनही करता येते. मात्र शाळेत लागणारे प्रत्येक सॉफ्टवेअर तिच्यावर चालते की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

६. खरेदीच्या वेळी

चिठ्ठीवर विसंबू नये. यंत्र सुरू करून पाहावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचे पूर्ण नाव, कोअरांची संख्या व चालू वेग दिसतो. एखादा चित्रपट लावून व आणखी चार-पाच कामे उघडून यंत्र वीस मिनिटे चालू ठेवावे. पंख्यात धूळ साचली असेल, तर यंत्र तापून वेग घसरतो, आणि मग चार कोअरांचा लाभ कागदावरच राहतो. शेवटी विजेची जोडणी काढून बॅटरी किती वेळ टिकते ते पाहावे. भर तासाला वीज गेली असता वर्ग तिच्याच आधाराने चालावयाचा असतो.

सारांश, दोन्ही यंत्रांच्या किमतींत थोडाच फरक असेल व यंत्र इंटरनेटला जोडावयाचे असेल, तर आय५-८२५०यू घ्यावा. काम हलके असून लिनक्सवर भागत असेल, आणि पहिले यंत्र खरोखर बरेच स्वस्त मिळत असेल, तर तोही व्यवहार तोट्याचा नाही. मात्र ‘आय७’ या नावासाठी अधिक पैसे देऊ नयेत. शाळेसाठी दिलेल्या वर्गणीमागे एखाद्या घरची दिवसाची मजुरी असते. तिचा हिशेब चोख ठेवणे हा अध्यापनाचाच भाग समजावा.

स्वाध्याय

(१) आपल्या शाळेतील संगणकाच्या प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून त्याची पिढी, कोअर व मूळ वेग नोंदवा.

(२) शाळेत संगणकावर आठवडाभरात होणाऱ्या कामांची यादी करा. त्यांतील कोणती कामे एकाच वेळी चालतात?

(३) पाठातील पत्रिका तपासण्याचे उदाहरण चौथीच्या वर्गास तोंडी गणित म्हणून घाला. तीन शिक्षक, प्रत्येकी तासाला २० पत्रिका, असे असल्यास ती खोली कोणत्या खोलीच्या पुढे जाईल व कोणत्या खोलीच्या मागे राहील, हे मुलांकडून काढून घ्या.

(४) आपापल्या नोंदी केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत मांडून, अनेक शाळांनी मिळून खरेदी केल्यास काय लाभ होईल, यावर चर्चा करा.