मुष्टियुद्ध आणि मिश्र युद्धकला : पडलेल्याचा प्रश्न

इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस या दोन खेळांतील ठोशांहून त्यांचे नियम अधिक बोलके वाटतात. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी मुष्टियुद्धाला हातमोजे, तीन मिनिटांची फेरी आणि पडलेल्यास उठण्यासाठी दहा सेकंद दिले. मिश्र युद्धकलेत, म्हणजे एमएमएमध्ये, लाथ, पकड व जमिनीवरची झुंजही चालते. १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली, तेव्हा नियम मोजकेच होते. वजनगट व निषिद्ध प्रहार पुढे ठरत गेले.

मुष्टियुद्धात पडलेल्यावर प्रहार करता येत नाही, एमएमएमध्ये करता येतो. म्हणून दुसरा खेळ क्रूर भासतो. परंतु दहा सेकंदांत उठलेला मुष्टियोद्धा पुन्हा डोक्यावरच मार झेलतो. १९८२ मध्ये कोरियाचा डुक-कू किम चौदाव्या फेरीत कोसळला व चार दिवसांनी मरण पावला; त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. एमएमएमध्ये हाताने थोपटून हार मान्य करता येते, आणि त्यात कमीपणा मानला जात नाही.

पालकहो, मुलामुलींना कोणताही खेळ अवश्य शिकवा. मात्र तेथे पडलेल्याची काळजी कोण घेतो, हे आधी विचारा.